आमसुलाचे वाळवणी यंत्र आणि न निघालेली कंपनी: विद्यापीठ व उद्योग यांच्यामधल्या अंतराविषयी

रातांबा

मी कुडाळजवळ गेली अठरा वर्षे कोकम प्रक्रियेचा लहान उद्योग चालवतो. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सरबत आणि आमसुले ही आमची मुख्य उत्पादने. विद्यापीठात झालेले संशोधन कंपनीच्या रूपाने बाहेर यावे, प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी स्वतःच उद्योग उभारावेत, असे आता शासनापासून महाविद्यालयांपर्यंत सगळेच म्हणतात. मी त्या वाटेने चार वर्षे चाललो आणि अर्ध्यावर थांबलो. जे घडले ते इथे सविस्तर मांडतो, कारण त्यात वाईट हेतूचा माणूस एकही नव्हता आणि तरीही काम फसले.

घाटावरच्या वाचकांसाठी आधी आमसुलाविषयी सांगतो. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिलच्या अखेरीस पिकू लागतात आणि काढणी मे महिनाभर चालते. फळ फोडून बी व गर काढायचा, साल मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी चार-पाच पुटे दिली की आमसूल काळेभोर आणि मऊ होते. या सगळ्याला कडक ऊन लागते, आणि नेमके मेच्या उत्तरार्धात कोकणात ढग भरून येतात. वळवाची सर आली की अंगणातली वाळवणे उचलायला घरातले लहानथोर धावतात. दोन दिवस ऊन मिळाले नाही तर सालींवर पांढरी बुरशी धरते आणि तो माल टाकावा लागतो. वाळलेल्या आमसुलातले मीठसुद्धा रात्रीच्या दमट हवेतून पाणी ओढते, त्यामुळे दिवसभर मिळवलेले रात्रीत निम्मे जाते.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक आणि त्यांची पदव्युत्तर विद्यार्थिनी या प्रश्नावर काम करत होते. दिवसा सौर उष्णता आणि ढगाळ हवेत करवंट्यांची भट्टी, अशा दुहेरी उष्णतेवर चालणारे वाळवणी यंत्र त्यांनी बनवले होते. प्रयोगशाळेत पाच किलो साली त्यांनी माझ्यासमोर वाळवून दाखवल्या. रंग, मऊपणा, आंबटपणा यांत कुठेही खोट नव्हती. मी आनंदाने माझी शेड, दोन माणसे आणि हंगामाचे रातांबे देऊ केले, आणि आम्ही दोनशे किलोंचे यंत्र उभारले.

पहिल्या हंगामात कळले की पाच किलो आणि दोनशे किलो यांचे गणित वेगळे असते. ताज्या सालीत ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी असते. पुढच्या ट्रेवरून गेलेली गरम हवा तिथलेच पाणी पिऊन जड होई आणि मागच्या ट्रेपर्यंत पोहोचेतो तिच्यात ओल घेण्याची ताकद उरत नसे. पुढची आमसुले लाकडासारखी कडक होत, मागची हाताला चिकटत. काही साली वरून वाळल्यासारख्या दिसत, पण बोटांनी फोडल्या की आत ओल लागे. दुसरी अडचण ट्रेची. खर्च वाचावा म्हणून आम्ही अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे घेतले होते. कोकमाचे आम्ल आणि मीठ यांनी तीन आठवड्यांत त्यांच्यावर सुईने टोचल्यासारखी भोके पाडली, आणि भोकांभोवतीची राखाडी भुकटी सालींना लागू लागली. तो सगळा माल मी खड्ड्यात पुरला. त्यातला एक ट्रे आजही माझ्या कार्यालयात टांगलेला आहे. उजेडासमोर धरला की चाळणीसारखा दिसतो.

या अडचणी सुटण्याजोग्या होत्या. दुसऱ्या हंगामात आम्ही दर दोन तासांनी हवेची दिशा उलटी करण्याची सोय केली आणि माल पुष्कळ सुधारला. तेव्हा प्राध्यापकांच्या मनात आले की यंत्रे बनवणारी कंपनी काढावी. विद्यार्थिनी ती चालवील, ते स्वतः मार्गदर्शन करतील आणि मी पहिला ग्राहक व लहान भागीदार असेन. इथपासून काम कागदावर आले आणि कागदावरच राहिले. महाविद्यालयाशी आमचा सामंजस्य करार झालेला होता, पण यंत्र यशस्वी झाले तर ते कोणाचे, याबद्दल त्यात एकही वाक्य नव्हते. महाविद्यालयाचे म्हणणे, यंत्र आमच्या कार्यशाळेत जन्मले, तर ते आमचे. विद्यार्थिनीचे म्हणणे, हवेची दिशा उलटवण्याची कल्पना तिने माझ्या शेडमध्ये उभे राहून काढली. माझे म्हणणे, दोन हंगामांचा माल माझा गेला. प्राध्यापकांना संचालक होण्याची परवानगी मिळायला चौदा महिने लागले आणि मिळाली तेव्हा तिच्यासोबत अशी अट होती की विक्री सुरू होण्यापूर्वीच एकरकमी शुल्क भरावे. तोपर्यंत प्रबंध प्रकाशित झाला होता, त्यामुळे पेटंटचा मार्ग बंद झाल्याचे आम्हाला सांगण्यात आले. विद्यार्थिनीने पुण्यात नोकरी धरली, आणि तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

विद्यापीठजन्य कंपन्यांचा विषय निघाला की स्टॅनफर्डचे उदाहरण दिले जाते. गूगलच्या शोधपद्धतीचे पेटंट त्या विद्यापीठाच्या नावे होते, त्याच्या मोबदल्यात मिळालेले समभाग त्यांनी २००५ पर्यंत विकले आणि सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळवले. हे खरे आहे. मात्र अमेरिकेतही बहुसंख्य विद्यापीठांची तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालये स्वतःचा खर्चसुद्धा भरून काढू शकत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. आपल्याकडे पहिली गोष्ट सांगितली जाते, दुसरी सांगितली जात नाही, आणि त्यामुळे प्रत्येक संस्थेला पहिल्याच दिवशी मोठे शुल्क मागावेसे वाटते. माझ्या मते कोकणात संशोधन कमी पडत नाही. प्रयोगशाळेतले पाच किलो आणि शेडमधले दोनशे किलो यांच्यामधली दोन-तीन वर्षे कोणी सांभाळायची, त्या काळातले नुकसान कोणी सोसायचे आणि त्यातून निघालेली सुधारणा कोणाची, हे आधी ठरलेले नसते, आणि तिथेच सगळे अडते. या विषयात काम केलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत अशी विनंती आहे.


जुना_दापोलीकर

रातांबा, आपले लेखन दोनदा वाचले. मी कृषी संशोधनात तीस वर्षे काढून निवृत्त झालो आहे. आपल्या व्यथेशी मी सहमत आहे, परंतु कंपनी निघाली तरच संशोधन उद्योगापर्यंत पोहोचले, हे गृहीत मला तपासून घ्यावेसे वाटते.

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. तेथून बाहेर पडलेले ज्ञान बहुतेक वेळा शिफारस म्हणून गेले. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारसी संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या वार्षिक बैठकीत मांडल्या जातात, तिला आम्ही जॉइंट अ‍ॅग्रेस्को म्हणतो, आणि तेथे मान्यता मिळाली की ते ज्ञान सर्वांसाठी खुले होते. देठासह आंबा उतरवणारा नूतन झेला पाहा. बांबूच्या टोकाला कडे, कड्याला पाते आणि खाली जाळी, एवढीच त्याची रचना. कोणत्याही गावातला कारागीर तो बनवू शकतो. देठ राहिल्यामुळे चीक फळावर ओघळत नाही, फळ जमिनीवर आपटत नाही, आणि बागायतदाराला चांगला भाव मिळतो. त्यातून कोणत्याही कंपनीला स्वामित्वधन मिळाले नाही, आणि तरीही ते संशोधन कोकणभर वापरात आहे.

याहून मोठे उदाहरण काजूच्या कलमांचे आहे. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या जाती दिल्या आणि मृदकाष्ठ कलमाची, म्हणजे कोवळ्या रोपावर चांगल्या जातीची काडी बांधण्याची, पद्धत शेतकऱ्यांच्या हाती आली. पुढे १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाली आणि कलमांना प्रचंड मागणी आली. ती मागणी पुरवायला सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत खाजगी रोपवाटिका उभ्या राहिल्या. त्यांपैकी कितीतरी जणांनी विद्यापीठाच्या प्रशिक्षणात बसून कलम बांधायला शिकून घेतले होते. मी या रोपवाटिकांनाच कोकणातल्या खऱ्या विद्यापीठजन्य कंपन्या मानतो. त्यांच्या नोंदणीच्या कागदावर विद्यापीठाचे नाव नाही, इतकाच फरक. त्या उभ्या राहिल्या कारण जात तयार होती, पद्धत सोपी होती आणि योजनेमुळे ग्राहक ठरलेला होता. आपल्या वाळवणी यंत्राला असा ठरलेला ग्राहक होता का, हे कळले तर पुढे लिहीन.


रातांबा

सर, आपला प्रश्न मला झोंबला आणि तो रास्त आहे. ग्राहक एकच होता, मी स्वतः. माझ्या परिसरात आमसुले करणारी शंभराहून अधिक घरे असतील, पण त्यांतले बहुतेक हंगामाला दोन-चारशे किलो साली वाळवतात. त्यांना लाखाचे यंत्र परवडत नाही, आणि यंत्र वर्षात पाच आठवडेच चालते. उरलेले सत्तेचाळीस आठवडे ते कशासाठी वापरायचे, हे आम्ही ठरवले नाही. फणस, सुकी मासळी, आंब्याची साटे असे बोलणे झाले होते, पण प्रत्येकाची उष्णता, वास आणि स्वच्छतेची गरज वेगळी असते, आणि सुक्या मासळीचा ट्रे आमसुलाला चालत नाही. झेल्यासारखी साधी वस्तू शिफारशीने पसरते हे मला मान्य आहे. ज्या वस्तूला पंखा, भट्टी, तापमानाचे नियंत्रण आणि वर्षाकाठी दुरुस्ती लागते, तिच्यामागे कोणीतरी उभे राहावेच लागते. वाळवणीच्या ऐन मोसमात पंखा बंद पडला आणि फोन उचलणारे कोणी नसले, तर शिफारशीचा कागद हाती असून उपयोग होत नाही.


सनदलेखक

मी ठाण्यात पेटंट आणि करारांचे काम करतो, मूळ गाव राजापूर. तुमच्या प्रकरणात कायद्याच्या बाजूने काय झाले असावे ते सांगतो, कारण असे खटके माझ्यासमोर नेहमी येतात.

संस्थेत जन्मलेला शोध कोणाचा, याचे उत्तर देणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही. अमेरिकेने १९८० मध्ये बे-डोल कायदा करून सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठांना घेऊ दिली. आपल्याकडे त्याच धर्तीचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, त्यावर बरेच आक्षेप आले आणि २०१४ मध्ये ते मागे घेण्यात आले. म्हणून आपल्याकडे मालकीचा प्रश्न संस्थेच्या स्वतःच्या धोरणावर आणि तुम्ही केलेल्या करारावर सुटतो. करारात ते वाक्य नसेल, तर प्रत्येक जण आपापल्या परीने बरोबर असतो, आणि तुमच्याकडे नेमके तेच झाले.

शिक्षण मंत्रालयाच्या २०१९ च्या राष्ट्रीय नवोन्मेष व स्टार्टअप धोरणात याबाबत मार्गदर्शन आहे. संस्थेची साधने किंवा निधी वापरून झालेला शोध संस्था आणि संशोधक यांच्या संयुक्त मालकीचा असावा, अध्यापकांना उद्योग काढण्यासाठी रजा मिळावी, आणि संस्थेने कंपनीत साधारण २ ते ९.५ टक्के वाटा घ्यावा, असे ते सुचवते. विक्रीपूर्वी एकरकमी शुल्क मागण्याऐवजी लहान वाटा घेतला असता तर संस्थेचे हित कंपनी चालण्यात गुंतले असते. मात्र हे मार्गदर्शन आहे, सक्ती नाही, आणि पुष्कळ महाविद्यालयांत ते कपाटात पडून आहे.

प्रबंध प्रकाशित झाल्यामुळे पेटंट बुडाले, हे तुम्हाला बरोबर सांगितले गेले. शोध जगासमोर आला की त्याचे नावीन्य संपते आणि अपवाद फार थोडे आहेत. यावर उपाय सोपा आणि स्वस्त होता. प्रबंध सादर करण्यापूर्वी तात्पुरता अर्ज दाखल करायचा, त्याची तारीख पक्की होते आणि पूर्ण अर्ज करण्यासाठी १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांचे शुल्क २०२१ मध्ये ८० टक्क्यांनी कमी झाले असून तात्पुरत्या अर्जाचे शासकीय शुल्क ऑनलाइन १,६०० रुपये आहे. मुलीचा प्रबंध एक दिवसही न रोखता हे करता आले असते. ज्यांच्या घरात सध्या कोणी संशोधन करत असेल त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे, ही कळकळीची विनंती.

सरांच्या प्रतिसादाला एक जोड देतो. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार शेती किंवा बागायतीची पद्धत आणि वनस्पती यांना पेटंट मिळतच नाही. कृषी विद्यापीठाचे बरेचसे ज्ञान खुले राहिले त्यामागे परंपरा आहे तसा कायदाही आहे. यंत्राची गोष्ट वेगळी, वाळवणी यंत्राला पेटंट मिळू शकते.


देवगडवाली

माझ्या सासऱ्यांपासून आमची हापूसची बाग आहे, हल्ली मी आणि दीर मिळून पाहतो. सनदलेखक यांनी शेतीच्या पद्धतीला पेटंट नाही असे लिहिले, त्यावर आमच्या बागेतलाच अनुभव सांगते.

हापूस एक वर्ष धरतो आणि पुढचे वर्ष सोडतो. दरवर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे औषध देतात, ज्याला बागायतदार आजही कल्टारच म्हणतात, ते कसे द्यायचे हे दापोलीच्या शास्त्रज्ञांनी कोकणच्या जमिनीत प्रयोग करून ठरवले. झाडाच्या घेराच्या, म्हणजे फांद्यांच्या पसाऱ्याच्या, व्यासाप्रमाणे मीटरला ३ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, बुंध्याभोवती आळ्यात भोके पाडून. हे ज्ञान आम्हाला फुकट मिळाले आणि त्याने आमच्या घराचे अर्थकारण बदलले, याबद्दल मी कायम कृतज्ञ राहीन. औषध मात्र परदेशी कंपनीचे होते आणि पैसे तिला गेले. ज्या संशोधनामुळे औषध कोकणात खपले त्या संशोधनाकडे त्यातले काही परत आले असते, तर त्याच पैशात पुढचा प्रश्नही सुटला असता. पुढचा प्रश्न म्हणजे जास्त मात्रेने झाडे थकतात. काही जण घेर मोजतच नाहीत, अंदाजाने ओततात. आमच्याच शेजारच्या बागेत पालवी आखूड होऊन गुच्छासारखी झालेली झाडे मी पाहिली आहेत.

म्हणून विद्यापीठाने कमवावे याला माझा विरोध नाही. भीती आहे ती एकाच कंपनीच्या हाती सगळे जाण्याची. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने आंब्याच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांचे ‘अर्का मँगो स्पेशल’ हे मिश्रण तयार केले, आणि त्याचा परवाना ते अनेक उत्पादकांना देतात. संस्थेला शुल्क मिळते, उत्पादकांत स्पर्धा राहते आणि बागायतदाराला वस्तू परवडते. रातांबा भाऊ, तुमच्या यंत्राचा परवानासुद्धा असाच चार-पाच फॅब्रिकेटरना देता आला असता. एकट्या कंपनीच्या गळ्यात सगळे का घालायचे?


लोटे_शिफ्ट_इंजिनिअर

लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत मी बावीस वर्षे काम करतो आहे. या धाग्यात अजून न आलेला मुद्दा मांडतो.

कोकणातच, आपल्या डोळ्यांसमोर, विद्यापीठ आणि उद्योग यांचे नाते अनेक दशके उत्तम चाललेले आहे, आणि ते रसायन उद्योगात आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. तिला आजही जुने लोक यूडीसीटीच म्हणतात. प्राध्यापकांनी कारखान्यांना सल्ला देणे हा तिथे शिकवण्याचाच भाग मानला गेला. ज्यांना १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले ते प्राध्यापक मनमोहन शर्मा हे त्या परंपरेतले सर्वांत मोठे नाव. लोटे, महाड, रोहा इथल्या कारखान्यांत त्या संस्थेतून शिकून आलेली माणसे तुम्हाला हमखास भेटतील.

हे नाते जुळले याचे कारण मला असे दिसते की कारखान्याच्या बाजूला ज्ञान घेणारा हात होता. आमच्याकडे प्रयोगशाळा असते, पायलट प्लांट (चाचणीसाठीचा लहान कारखाना) असतो आणि प्राध्यापकांची भाषा समजणारा एखादा तरी माणूस असतो. प्राध्यापक म्हणाले की अभिक्रियेचा वेग असा आहे, तर त्यावरून भांडे किती मोठे लागेल हे काढणारे आमच्याकडे बसलेले असतात. प्रयोगशाळेतून थेट कारखान्यात आम्ही कधी जात नाही. आधी काचेचे भांडे, मग किलोचा प्रयोग, मग पायलट, मग प्लांट, आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी बिघडणारच हे धरून त्यासाठी पैसे बाजूला ठेवलेले असतात. कोकम, काजू, मासळी यांच्या लहान उद्योगांत हा घेणारा हातच नाही. रातांबा यांना पायलटचा खर्च आपल्या हंगामाच्या मालातून करावा लागला, ही मला सर्वांत खटकलेली गोष्ट आहे.

आता ट्रेविषयी. आमच्याकडे नवे द्रावण आले की वेगवेगळ्या धातूंच्या लहान पट्ट्या काट्यावर तोलून त्या द्रावणात टांगून ठेवतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा तोलतात. किती धातू गेला ते वजनात दिसते, आणि पृष्ठभागावर टोचे पडले का ते भिंगातून दिसते. याला आम्ही कूपन टेस्ट म्हणतो. आगळाच्या पाच बरण्या आणि पाच पट्ट्या, एवढाच खर्च. अ‍ॅल्युमिनियम पहिल्याच आठवड्यात बाद झाले असते. मिठामुळे ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीललाही टोचे पडू शकतात, म्हणून ३१६ घ्यावे, किंवा तापमान ६० अंशांच्या आत राहणार असेल तर खाद्यपदार्थांना चालणारी पॉलिप्रॉपिलीनची जाळी वापरावी. हे आमच्या कारखान्यातल्या कोणत्याही देखभाल अभियंत्याने सांगितले असते. कुडाळहून लोट्यापर्यंत आगगाडीने काही तासांचे अंतर आहे, पण विचारायला कोणी येत नाही आणि आम्ही सांगायला जात नाही.


शिंपले

मी रत्नागिरीत मत्स्यशास्त्रात पीएचडी करते. कोळंबीच्या कवचापासून कायटोसान हा उद्योगांत वापरला जाणारा पदार्थ काढणे हा माझ्या विषयाशी जवळचा भाग आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने हे तंत्र पूर्वीच विकसित करून उद्योगांना दिले आहे, त्यामुळे ते नवे नाही. आमच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या कवचाची प्रत आणि ते सडण्यापूर्वी गोळा करण्याची व्यवस्था, यावर मी काम करते. उन्हाळ्यात सकाळी सोललेल्या कोळंबीचे कवच दुपारपर्यंत वास मारू लागते, आणि तोपर्यंत ते आम्लात गेले नाही तर उत्पादन घसरते. म्हणजे माझ्या संशोधनाचा अर्धा भाग टेम्पो, पिंपे आणि बर्फ यांचा आहे, आणि तो शोधनिबंधात कुठेच बसत नाही.

धाग्यातल्या त्या विद्यार्थिनीची जागा मला माझ्यासारखी वाटली, म्हणून विचारते. माझी शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी संपते. कंपनी काढायची तर पहिली दोन वर्षे घर कसे चालवायचे? आई-वडिलांना मी काय सांगू?


सनदलेखक

शिंपले ताई, पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही, पण दोन दारे ठोठावण्यासारखी आहेत. जैवतंत्रज्ञानाशी संबंधित कल्पनेला केंद्राच्या बायरॅक या संस्थेकडून ‘बिग’ योजनेत ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते, आणि कायटोसान त्या कक्षेत मांडता येईल. शेती व संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय कृषी विकास योजनेत कल्पनेच्या टप्प्याला ५ लाख आणि पुढच्या टप्प्याला २५ लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे. शिष्यवृत्ती संपण्यापूर्वीच अर्ज करा, कारण मंजुरीला वेळ लागतो. आणि कवच गोळा करण्याची व्यवस्था हीच तुमच्या उद्योगाची खरी ताकद ठरू शकते. तंत्र कोणीही परवाना घेऊन वापरील, पण दहा वाड्यांतून दुपारच्या आत कवच उचलणारी माणसे एका दिवसात जमत नाहीत.


जुना_दापोलीकर

शिंपले, बाळ, आई-वडिलांना सांगताना त्यांना एकदा कवच गोळा करण्याच्या जागी घेऊन जा. प्रयोगशाळेतले काम घरच्यांना दिसत नाही, हे दिसेल.

रातांबा, आपण ग्राहकाबद्दल मोकळेपणाने लिहिलेत त्यावर विचार केला. शंभर घरांना शंभर यंत्रे नकोत, पाच-सहा यंत्रे पुरतील. ती घरे एकत्र येऊन शेतकरी उत्पादक कंपनी काढू शकतात आणि यंत्र त्या कंपनीच्या मालकीचे राहू शकते. मग विद्यापीठाला बोलायला एकटा उद्योजक नसून शंभर घरांची संस्था समोर असेल, आणि लोट्याच्या मित्रांनी म्हटलेला घेणारा हात तिच्यातून तयार होईल. हापूसच्या भौगोलिक मानांकनाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. २०१८ मध्ये ते मिळाले तेव्हा विद्यापीठ आणि उत्पादकांच्या संस्था एकत्र अर्जदार होत्या. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमालाही मानांकन आहेच. विद्यापीठ आणि उत्पादक एका कागदावर सही करू शकतात, हे कोकणात आधीच घडलेले आहे.


रातांबा

सर्वांचे प्रतिसाद छापून घेतले आणि काल रात्री त्या प्राध्यापकांना फोन केला. दोन वर्षांनी आम्ही बोललो. विद्यार्थिनीचा क्रमांक त्यांनीच दिला, आणि तिने सुट्टी काढून मेमध्ये आठ दिवस यायचे कबूल केले आहे.

आता ठरलेले असे. मूळ यंत्राचे पेटंट होणार नाही, त्यामुळे त्याची रेखाचित्रे देवगडच्या ताईंच्या सूचनेप्रमाणे कोणत्याही फॅब्रिकेटरला द्यायची. हवेची दिशा उलटवण्याची यांत्रिक झडप प्रबंधात नव्हती, ती नंतरची आहे, आणि ती पेटंटयोग्य आहे का हे सनदलेखक मोबदला न घेता पाहणार आहेत. त्यावर नाव विद्यार्थिनीचे आणि महाविद्यालयाचे राहील, आमच्या परिसरातल्या उत्पादकांना ती विनाशुल्क वापरता येईल आणि बाहेर विकली गेली तर वाटणी कशी हे दोन पानांत लिहिले आहे. मसुदा प्राचार्यांकडे पाठवला. पहिला रातांबा फोडण्यापूर्वी त्यावर सह्या झाल्या नाहीत, तर या वर्षी यंत्र पेटवायचे नाही, असे मी त्यांना स्पष्ट कळवले आहे.

लोट्याच्या मित्रांनी चार धातूंच्या आणि एका जाळीच्या पट्ट्या कुरिअरने पाठवल्या. गेल्या वर्षीच्या आगळात पाच बरण्यांमध्ये त्या टांगल्या आहेत. आज सहावा दिवस. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीभोवती बारीक बुडबुडे धरले आहेत आणि तिची खालची कड आत्ताच खरखरीत लागते. बाकीच्या चार अजून तशाच आहेत. तीन आठवडे झाले की वजने इथेच लिहीन.


देवगडवाली

वजने नक्की लिहा. आमच्या कुंपणाला रातांब्याची अकरा झाडे आहेत, दरवर्षी निम्मी फळे खाली पडून जातात. मेच्या पहिल्या आठवड्यात दीड-दोनशे किलो काढून टेम्पोने पाठवते. पैसे नकोत, वाळल्यावर पुढच्या आणि मागच्या ट्रेमधली आमसुले दोन वेगळ्या पिशव्यांत भरून पाठवा, मला दोन्ही चाखून पाहायची आहेत.